प्रतिसाद: किल्लारीनंतरची झोप

"इतकी वर्षं झाली, आता विसरायला हवं," असं लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल इथं कुणीतरी लिहिलंय, त्यावर थोडं.

माझी मामी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं आणि पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या त्या जाड भिंती कोसळल्या. मामी वाचली. पुढं पक्कं घर मिळालं, तरी पावसाळा सोडला तर ती अंगणातच झोपायची. रस्त्यावरून ट्रक गेला, मांडणीतली भांडी वाजली की दाराकडं धावायची. घरचे म्हणायचे, बाहेरचं लागलंय. अंगारे झाले, उतारे झाले. डॉक्टरकडं नेलं नाही, कारण "लोक वेडी म्हणतील". (अंगाऱ्याला मात्र कुणी हसलं नाही!)

याला पीटीएसडी, म्हणजे जबर धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार, म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. हा आजार फक्त सैनिकांना होतो असं नाही. भूकंप, अपघात, अत्याचार, यांनीही होऊ शकतो. दचकणं, तीच स्वप्नं, ती जागा टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. बोलून करायचे उपचार आहेत, गरज पडली तर गोळ्याही. लगेच जाणं जमत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मामीला "विसर" म्हणणाऱ्यांत मीही होतो.