मदत हवी आहे: एस्प्रेसोचा पहिला शॉट करपट, दुसरा आंबट. बॉयलरचं तापमान कसं सांभाळायचं?

मेहरूणकर (जळगाव)
मशीन सिंगल बॉयलरचं, म्हणजे कॉफी आणि वाफ एकाच बॉयलरवर. अ‍ॅल्युमिनियमचा साधारण 100 मिलीचा बॉयलर, 1400 वॉटचा हीटर, साधा थर्मोस्टॅट. बिया चिकमगळूरच्या, मध्यम भाजलेल्या. 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम कॉफी, 27 सेकंद. दळण तेच, वजन दर वेळी काट्यावर. तरी अर्धा तास तापवून काढलेला पहिला शॉट करपट लागतो आणि त्यामागोमाग मिनिटभरात काढलेला दुसरा आंबट. पहिल्या वेळी पाणी सुरू करताच ग्रुपमधून (जिथून पाणी पुडीवर पडतं तो भाग) फुर्रकन वाफ येते. पोर्टाफिल्टर (पूड भरायचा दांड्याचा पेला) दोन शॉटच्या मध्ये नळाखाली धुतो. दुपारी व्होल्टेज 195 च्या आसपास असतं. थर्मोस्टॅट बदलू की पीआयडी (तापमान नेमकं धरून ठेवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) बसवू?

तापीकाठ (भुसावळ)
भाऊ, थर्मोस्टॅट गेलेला वाटत नाही. गेला असता तर दोन्ही शॉट एकाच बाजूला बिघडले असते.

हा थर्मोस्टॅट बॉयलरला बाहेरून चिकटलेला असतो. तो पाण्याचं नाही, धातूचं तापमान बघतो, तेही उशिरा. हीटर बंद झाल्यावरही बॉयलर काही अंश चढत राहतो, मग हळूहळू उतरतो आणि बराच उतरल्यावर हीटर पुन्हा लागतो. या चढउतारात तुम्ही नेमके कुठे बटण दाबता त्यावर चव ठरते. पुडीवर पडणारं पाणी 90 ते 96 अंशांत हवं. ती फुर्र वाफ म्हणजे आतलं पाणी 100 च्या वर गेलंय, दाब सुटताच उकळतंय.

दुसऱ्या शॉटचं कारण निराळं. पूड भिजायला लागतं ते धरून पहिल्या शॉटला 50-60 मिली पाणी जातं, म्हणजे निम्मा बॉयलर गार पाण्याने भरतो. त्यात नळाखाली धुतलेला पोर्टाफिल्टर! पितळेचा तो गोळा पाण्यातली उष्णता आधी स्वतः खातो. धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच ग्रुपला अडकवून ठेवा.

आता असं करा. मशीन 25 मिनिटं तापवा, पोर्टाफिल्टर लावूनच. मग तो काढून पाणी सोडा, हीटर लागेपर्यंत. दिव्यावर विसंबू नका, काही मशीनवर तो तापताना लागतो, काहींवर तयार झाल्यावर. थर्मोस्टॅटची 'टक' कान देऊन ऐका. हीटर लागला की पाणी बंद करा, पूड भरून, दाबून पोर्टाफिल्टर लावा. हीटर बंद झाल्याची टक आली की घड्याळात 45 सेकंद मोजा आणि शॉट सुरू करा. कडू लागला तर 60, आंबट लागला तर 30. दळणाला हात लावू नका, नाहीतर काय बदलल्यामुळे काय झालं ते कळणार नाही. दुसऱ्या शॉटलाही हीच टक, हेच सेकंद.

बिनसाखरेची (धुळे)
दादा, मशीनच्या टाकीत पाणी कुठलं घालता ते सांगा. आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, डिसेंबरात तेच बर्फासारखं. माठातलं घातलं तर भर उन्हाळ्यातही गार. त्यामुळे एप्रिलमध्ये जमवलेले 45 सेकंद थंडीत चालत नाहीत, ऋतू बदलला की पुन्हा चाखून बसवावे लागतात.

आणि क्षार. बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी ते थांबवा. आतून पापुद्रा बसला की धातू तापतो, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पाणी मात्र तापायचं मागे राहतं. मग सगळेच शॉट आंबट. लिटरभर पाण्यात 15 ते 20 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, बॉयलरमध्ये 15 मिनिटं, मग दोन टाक्या साधं पाणी सोडून धुवा. अ‍ॅल्युमिनियम आहे, रात्रभर ठेवू नका.

मेहरूणकर
ताई, माठाचंच घालत होतो, आरओचं गाळून. बोअरचं नाही. व्होल्टेजचं काय?

वायरिंगवाला (जळगाव)
व्होल्टेज मोठं कारण आहे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 195 भागिले 230, त्याचा वर्ग 0.72. म्हणजे 1400 वॉटचा हीटर दुपारी जेमतेम 1000 वॉट देतो. आत आलेलं गार पाणी तापवायला त्याला जास्त वेळ लागतो. फ्रिजचा स्टॅबिलायझर लावू नका, जळेल. एसीचा 4 केव्हीएचा चालतो.

पीआयडीचं सामान आपल्या एमआयडीसीत मिळतं. चटईच्या कारखान्यांत एक्स्ट्रूडरवर हेच कंट्रोलर असतात. घेताना 'एसएसआर आउटपुट'चाच मागा (एसएसआर म्हणजे सॉलिड स्टेट रिले, हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), साध्या रिले आउटपुटचा नको. 25 अँपिअरचा एसएसआर, तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल सेन्सर. सेन्सर ब्रू (कॉफीच्या) थर्मोस्टॅटच्या जागी, थर्मल पेस्ट लावून. एसएसआर त्याच्याच दोन वायरींत. वाफेचा थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) जागेवर राहू द्या. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा कायमचा चालू राहून बिघडतो, तेव्हा हा फ्यूजच वाचवतो. एसएसआर हीटसिंकवर, मशीनच्या बाहेर. 44-45 अंशांच्या स्वयंपाकघरात आत ठेवला तर टिकत नाही. थर्मोकपलच्या वायरी उलट्या लागल्या तर तापताना आकडा खाली जातो, तेवढं बघा. अर्थिंग तपासल्याशिवाय झाकण बंद करू नका.

सेटिंग 104 वर सुरू करा. बॉयलर 104 म्हणजे पुडीवर 104 नव्हे, वाटेत ग्रुप बरंच खातो. दोन कागदी कप एकात एक घाला, गरम पाण्याने विसळा, पोर्टाफिल्टर न लावता 60 मिली पाणी घ्या आणि प्रोब थर्मामीटर बुडवून सर्वांत वरचा आकडा लिहा. तीनदा मोजा.

तापीकाठ
पीआयडीआधी कपाची ही मोजणी आत्ताच करा, भाऊ. टकनंतर 30, 45 आणि 60 सेकंदांनी, टाकीत खोलीच्या तापमानाचं पाणी घालून. आकडे इथे टाका.

मेहरूणकर
सकाळी मोजलं, व्होल्टेज 226. 30 ला 95, 45 ला 92, 60 ला 89. पोर्टाफिल्टर न धुता 45 वर दोन शॉट काढले. दोन्ही सारखे, गोडसर, वाफ नाही. दुपारच्या 195 ला मोजून पुन्हा लिहितो. स्टॅबिलायझर आधी, पीआयडी दिवाळीला.