मे महिन्यात खाडीच्या तोंडावर लागलेला मोठा जिताडा ठेवावा की सोडावा?

खाडीकाठी

गेल्या अमावास्येच्या उधाणाला जयगडच्या खाडीच्या तोंडाशी आम्ही तिघे गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, गेलो होतो. दिवसा खडकावर पाय ठेववत नव्हता, म्हणून अंधार पडल्यावर, सुकती संपत आली तेव्हा बसलो. मित्राने गरीला, म्हणजे गळाला, आमिष म्हणून जिवंत बोय मासा लावला होता. त्याला साडेनऊ किलोचा जिताडा लागला. आनंद झालाच. पण घरी पोट फाडलं तेव्हा आत वीतभर लांबीच्या दोन गाबोळ्या, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, निघाल्या. सगळ्यांनी तळून चवीने खाल्ल्या, माझ्या घशाखाली घास उतरेना.

कारण सांगतो. जिताडा, म्हणजे आपल्या दक्षिणेकडचा चोणक, आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि साधारण 80 ते 100 सेंमीच्या दरम्यान मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा बहुधा मादीच. पावसाच्या तोंडावर ती खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाशी येते आणि तिथे लाखोंनी अंडी सोडते, अंगाने मोठी असेल तर कोटींच्या घरात. आपण नेमके तेव्हाच तिथे गरी टाकून बसतो.

माझं म्हणणं एवढंच: एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा सरेपर्यंत 80 सेंमीच्या वरचा जिताडा हौशी माणसाने सोडून द्यावा. ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

देवबागचो गाबीत

तुमका सोडूक परवडता, आमका परवडणा नाय. हे तुम्हीच लिहिलंत ते बरं केलंत. पण तुमचं बोट चुकीच्या जागी आहे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंद. आमची वल्ह्याची होडी त्या बंदीत नाही, पण त्या पाण्यात समुद्रात जाणार कोण? मग 61 दिवस कर्लीची खाडी हेच आमचं पोट. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा, गरी लावायची. त्यात एखादा मोठा चोणक मिळाला तर पोराची फी भरून होते. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, राज्याने 2016 साली निर्बंध घातले, एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून धरण्यावर 2017 साली केंद्राने बंदी आणली. तरी हंगामात रात्री किनाऱ्यावरून लांब पाण्यावर उजेड दिसतो. एका रात्रीत तिकडे जे उचललं जातं ते आमच्या गावाला वर्षात मिळत नाही. हौशी माणसाचा एक जिताडा सुटला म्हणून खाडी भरणार नाही.

रीळवाला

मीही विरोधात, पण माझं कारण निराळं आहे. मे महिन्यात मासा "सोडणं" हे बऱ्याचदा नुसतं समाधान असतं.

पाणी जितकं तापतं तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. अशा पाण्यात बारीक दोरीवर वीस-वीस मिनिटं झुंजलेला जिताडा आधीच संपलेला असतो. मग त्याला जबड्याने उचलून उभा टांगायचा, फोटो काढायचे, तापलेल्या खडकावर ठेवून मोजायचा. पाण्यात सोडला की शेपटी हलवून जातो, आपण टाळ्या वाजवतो. पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही. मी तासाभराने पाचशे पावलांवर तोच मासा पोट वर करून तरंगताना पाहिलाय. ओळखला, कारण लूरच्या (नकली आमिषाच्या) तीन तोंडी गरीने फाटलेला गलफडा तसाच होता. ती माझीच गरी होती. त्या दिवसापासून मेमध्ये जिताड्याच्या मागे जात नाही. मुडदुशी हा छोटा मासा गरवतो, वाळूत, सकाळी, बारीक गरीवर. सोडायचाच असेल तर लावायचाच कशाला?

ब्रिस्बेनकर

मी मूळचा गुहागरचा, आता इकडे. हाच मासा इथे बारामुंडी. क्वीन्सलंडमध्ये 58 सेंमीच्या आतला ठेवता येत नाही आणि 120 सेंमीच्या वरचाही नाही. पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत बारामुंडी धरायची नाही. रीळवाल्यांचा मुद्दा इथे कायद्यातच आलाय: त्या दिवसांत सोडायच्या हिशोबानेही तिच्या मागे जायचं नाही. मधल्या आकाराचा खा, लहान आणि फार मोठा पाण्यात राहू दे, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

देवबागचो गाबीत

तिकडे नियम मोडला तर दंड होत असेल. इकडे 2023 साली 54 जातींची किमान लांबी ठरली, पापलेट 135 मिमीच्या आतलं धरायचं नाही. बाजारात जाऊन तळहाताहून लहान पापलेटांचे वाटे बघा. आहे तो नियम पाळला जात नाही आणि तुम्ही वरून दुसरा आणताय. तो पडणार कोणावर? पाग खांद्यावर टाकून रस्त्याने चालत जाणाऱ्यावर. तो सापडायला सोपा.

खारेपाटातली

तुमच्या सगळ्या बोलण्यात पिल्लू कुठे आहे? मी पेणकडची. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून पावसात खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीतून, जिताड्याची पिल्लं पकडून तळ्यात सोडतात. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या लग्नाला तोच जिताडा निघतो. पिल्लं येतात ती भरतीच्या पाण्याबरोबर, खारफुटीतून, उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत. आता बांध जागोजागी फुटलेत, दुरुस्ती करताना उघाड्या बुजवल्यात, खारफुटीवर भराव पडलाय. पूर्वी दोन दिवसांत तळ्यापुरती पिल्लं मिळायची, आता वडील पंधरा दिवस फिरतात. मादीने कोटभर अंडी घातली तरी पिल्लाने शिरायचं कुठे? गरी आणि जाळ्यावर भांडण्याआधी खाडीच्या वरच्या अंगाला एकदा चालून या.

खाडीकाठी

ताई, हे मी धरलंच नव्हतं. आमच्या बाजूलाही दोन उघाड्या गाळाने भरल्यात. येत्या रविवारी बघून येतो आणि फोटो टाकतो.

रीळवाला, तुमचं बरंचसं पटलं, तरी एक सांगतो. जिताड्यासाठी गेलो नाही तरी मेमध्ये मुखाशी तांबोशीला टाकलेल्या गरीला तो लागतोच. तेव्हा काय करायचं हा प्रश्न उरतो. म्हणून मी दोरी जाड केलीय, झुंज चार-पाच मिनिटांत आटपते. तीन तोंडी गऱ्या काढून एकेरी लावल्यात, त्यांच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलाय. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, पाण्यातच गरी सोडवायची, आणि भरती लागल्यावरच बसायचं, म्हणजे बाहेरचं थंड पाणी आत येत असतं. गरी घशात गेली असेल तर तो घरी न्यायचा आणि त्या दिवशी पुन्हा दोरी टाकायची नाही.

देवबागचे दादा, पाग टाकणाऱ्यावर कोणी दंड लावा म्हणालं तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण आम्ही शहरातून गाडी काढून येतो, महागाचं रीळ घेऊन बसतो. पर्ससीनवाला जास्त मारतो म्हणून आमची ती मादी मारायला मोकळीक मिळते, हे मला अजूनही पटत नाही.

रीळवाला

जाड दोरी आणि एकेरी गरी, मान्य. फोटोचं काय?

खाडीकाठी

फोटो नाही. रॉडवर 80 सेंमीला लाल चिकटपट्टी लावलीय. पाण्यात रॉड माशाच्या बाजूला धरायचा, पट्टीच्या पुढे गेला की सोडायचा.

देवबागचो गाबीत

लाव पट्टी. पण माझ्या होडयेर पट्टी लावूक येव नको. आणि सोडशील तर खाडीच्या तोंडाशी सोडू नको, तिथे आमची जाळी असतात. जरा आत, खारफुटीच्या कडेला सोड.