मदत हवी आहे: घरी केलेल्या लाकडी-कापडी खेळण्यांना आयएसआय लागतं का? (पुणे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट लिहिलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं सांगते.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. सासऱ्यांची अख्खी नोकरी पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामासाठी लाकडी नमुने करतात तिथे) गेली, लाकडात त्यांचा हात फार सुरेख. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या गॅलरीत छोटं लेथ बसवलं आणि नातीसाठी खुळखुळे, भोवरे, दोरीने ओढायची बदकं करायला लागले. मी जुन्या सुती साड्यांचे हत्ती आणि अस्वलं शिवते. आधी ओळखीतले लोक बाळंतविड्याबरोबर द्यायला न्यायचे. गेल्या दिवाळीत सोसायटीच्या प्रदर्शनात टेबल मांडलं, तर साठेक नग गेले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. लक्ष्मी रोडच्या एका दुकानदारांनी माल बघितला, आवडला, आणि विचारलं, "आयएसआय आहे का? नसेल तर मी काउंटरवर ठेवू शकत नाही." मला वाटायचं आयएसआय म्हणजे इस्त्री, कुकर, हेल्मेट.

दुसरी गोष्ट लिहिताना अजून हात थांबतो. मैत्रिणीच्या दहा महिन्यांच्या मुलाने आमच्या अस्वलाचा डोळा चावून तोडला. डोळा म्हणजे मी शिवलेला काळा मणी. तिने वेळेवर बघितलं आणि तोंडात बोट घालून तो काढला. ती मला काही बोलली नाही, "दोरा जरा पक्का घालत जा" एवढंच म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तसल्याच मण्यांची आणखी बरीच अस्वलं लोकांच्या घरी आहेत.

तर मला विचारायचंय ते असं. आमच्यासारख्या घरच्या घरी करणाऱ्यांनाही कायदा लागू आहे का? लागू असेल तर कुठे जायचं, काय करायचं? आणि कागद मिळेपर्यंत किंवा न मिळतासुद्धा, आपलं खेळणं बाळाच्या हातात द्यायला योग्य आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं? तिसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

– भोवरा

चाकणकर:

ताई, मी खेळण्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. सविस्तर लिहितो.

हो, कायदा लागू आहे. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आहे. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी केलेली कुठलीही वस्तू त्यात येते. लाकूड, कापड, प्लास्टिक, पत्रा, काहीही असो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) लायसन्स आणि त्यावरची आयएसआय खूण नसेल तर असा माल बनवणं, विकणं, साठवणं, इतकंच काय विक्रीसाठी मांडून ठेवणंही चालत नाही. म्हणजे प्रदर्शनातलं टेबलही आलं आणि त्या दुकानदारांचं काउंटरही. २०१६ च्या बीआयएस कायद्याने पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. जानेवारी २०२३ मध्ये विमानतळ आणि मॉलमधल्या मोठमोठ्या दुकानांतून १८ हजारांवर खेळणी जप्त झाली होती. दुकानदार घाबरतात ते उगाच नाही.

साधी खेळणी आयएस ९८७३ या भारतीय मानकात येतात. त्याचे भाग आहेत: पहिला रचना आणि मजबुतीचा, दुसरा पेट घेण्याबद्दल, तिसरा रंगांतल्या जड धातूंचा, नववा प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट्सचा. घरातले झोपाळे-घसरगुंड्या चौथ्यात आणि बोटाने रंगवायचे रंग सातव्यात. सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ वेगळं.

अर्ज 'मानक ऑनलाइन' या पोर्टलवर होतो. लायसन्स जागेगणिक मिळतं, म्हणजे जिथे बनवता त्या पत्त्याचं. अधिकारी येऊन पाहणी करतात, नमुने प्रयोगशाळेत जातात. सूक्ष्म उद्योगांना आणि स्त्री उद्योजकांना वार्षिक मार्किंग फीमध्ये सूट आहे. त्यामुळे फीपेक्षा चाचण्यांचा खर्च जड जातो, कारण प्रत्येक प्रकारच्या खेळण्याचे नमुने लागतात. पुण्यात बीआयएसचं शाखा कार्यालय आहे, फोनवर अडकून पडण्यापेक्षा दोन खेळणी पिशवीत घालून सरळ जा. समोर वस्तू असली की बोलणं सोपं होतं.

तिसऱ्या प्रश्नाचं संध्याकाळी लिहितो, आता शिफ्ट आहे.

कसबेकरीण:

भोवरा, थांब, लगेच घाबरून लेथ बंद करू नका. डिसेंबर २०२० मध्ये या आदेशात दुरुस्ती झाली. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालाला हा आदेश लागू होत नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांसारख्या भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंनाही सूट आहे, पण ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांना आणि अधिकृत वापरकर्त्यांनाच.

आमच्या घरात पिढीजात बांबूकाम आहे आणि माझ्याकडे ते कार्ड आहे. त्याला 'पहचान' कार्ड म्हणतात. वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून मिळतं. कार्ड माणसाच्या नावाचं असतं, कुटुंबाच्या नाही. म्हणजे लाकडाचं तुझ्या सासऱ्यांना वेगळं आणि कापडाचं तुला वेगळं. बाहुल्या आणि खेळणी हा हस्तकलेतला मान्य प्रकार आहे. माझ्या वेळी माणूस येऊन मी प्रत्यक्ष काम करते का ते बघून गेला होता, तुमच्याकडेही तशी तयारी ठेवा.

एक मात्र नीट वाच. सूट कारागिराने बनवलेल्या *आणि विकलेल्या* मालाला आहे. दुकानात ठेवायला दिलास तर विकणारा दुकानदार होतो. त्यामुळे दुकानाचं बीआयएस कार्यालयात लेखी विचारून घे आणि उत्तराचा कागद जपून ठेव. मी माझा माल स्वतःच विकते.

धायरीकर:

एवढं कशाला? पाकिटावर 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' छापा, म्हणजे लहान भागांचा (बाळाच्या घशात अडकतील अशा तुकड्यांचा) नियम लागत नाही.

चाकणकर:

धायरीकर, असं करू नका आणि कोणाला सुचवूही नका. वयोगट छापण्यावर ठरत नाही, वस्तू कशी आहे त्यावर ठरतो. खुळखुळा तीन वर्षांच्या मुलाचा असतो का? कुशीत घ्यायचं मऊ अस्वल तान्ह्याच्या पाळण्यातच जाणार, म्हणून मानकही तसली खेळणी तीन वर्षांखालचीच धरतं. शिवाय लेबल आई वाचते, दहा महिन्यांचं बाळ वाचत नाही.

आता ताईंचा तिसरा प्रश्न. प्रयोगशाळेत एक नळकांडं असतं. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. लहान मुलाच्या घशाचा अंदाज धरून केलेलं माप आहे. तीन वर्षांखालच्या मुलाचं खेळणं किंवा त्याचा सुटलेला तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते नापास. आधी खेळणं तसंच घालून बघतात. मग ते आपटतात, पिळतात, ओढतात, आणि जे सुटेल ते पुन्हा नळकांड्यात टाकतात. तुमचा मणी पहिल्याच ओढीत गेला असता. दोरा पक्का करून भागत नाही, दोरा झिजतो, लाळेने भिजतो. मणी आणि बटणं काढाच, डोळे भरतकामाने करा.

चेंडूचा नियम वेगळा. ४४.५ मिलिमीटरच्या गोल भोकातून आरपार जाणारा चेंडू तीन वर्षांखालच्यांना चालत नाही. गोल वस्तू घशात बसली की हवेला वाट राहत नाही. दीड वर्षाखालच्या बाळाच्या खेळण्याची दोरी २२० मिलिमीटरपेक्षा कमी हवी, त्याहून लांब असली तर गळ्याभोवती फास बसू शकतो. म्हणजे वीतभर समजा. बदकाची दोरी किती आहे ते मोजा.

खुळखुळ्यात सासरेबुवा आत काय घालतात? तो फुटला तर आतलं सगळं बाळाच्या हातात येणार. सांध्याला फक्त डिंक आहे की आट्यांचा जोड आहे, ते बघा. कापडी खेळण्यांत भरलेला कापूस स्वच्छ हवा आणि सुईचं तुटकं टोक आत राहता कामा नये. आमच्याकडे शिवणारी बाई शिफ्ट संपल्यावर सुया मोजून परत करते. घरीही ही सवय लावून घ्या. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून देत असाल तर तेही थांबवा, तान्ह्याच्या नाका-तोंडावर ती चिकटते. कागदात गुंडाळून द्या.

हळदू:

मी हौशी लाकूडकाम करतो. रंगाबद्दल कोणीच विचारलं नाही म्हणून लिहितोय. ताई, सासरे रंग कोणता वापरतात?

भोवरा:

बदकाच्या चोचीला आणि घोड्यांना ते शेंदूर खलून लावतात. बाजारचा ऑइल पेंट नको, आपला नैसर्गिक बरा, असं त्यांचं म्हणणं. बाकी जवसाचं तेल.

हळदू:

ताई, आज रात्रीच त्यांच्याशी बोला. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हिंगूळ पाऱ्याचा. देवाला वाहायचे रंग आहेत म्हणून ते तोंडात जाण्यालायक होत नाहीत. आयएस ९८७३ च्या तिसऱ्या भागात आठ धातूंच्या मर्यादा आहेत: रंगातून सुटणारं शिसं किलोमागे ९० मिलिग्रॅम, पारा ६०, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, शिवाय अँटिमनी, बेरियम, क्रोमियम, सेलेनियम. शेंदूर त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. शिशाचा त्रास लगेच दिसत नाही, ते वाढत्या मेंदूला आतून इजा करत राहतं. एकट्या रंगासाठीसुद्धा ही खेळणी परत घ्यायला हवीत.

घरगुती रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दशलक्ष भागांत ९०) आहे, पण डब्यावर तसं लिहिलेलं असेल तरच घ्या. माझा सल्ला, लहान मुलांच्या खेळण्यांना रंग देऊच नका. हळदू किंवा शिवणीचं लाकूड गुळगुळीत घासून वर मधमाश्यांचं मेण चोळलं की झालं. जवसाचं तेल कच्चं, खाण्याचं वापरा. हार्डवेअरमधलं 'बॉइल्ड' तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

मायलेक:

भोवरा, खूप चांगला धागा. एक उपप्रश्न: तुळशीबागेतली पितळी भातुकली पण यात येते का?

चाकणकर:

मुलांनी खेळायला म्हणून विकली तर येते. काचेच्या कपाटात मांडायची शोभेची वस्तू म्हणून मोठ्यांसाठी केली असेल तर तो खेळण्यांचा विषय नाही. पण छोट्या चुलीची धार आणि टोक एकदा बोट फिरवून बघा, मग मुलीच्या हातात द्या. विकत घेताना आयएसआय खुणेसोबत सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आणि चालू आहे का ते कळतं. नुसती खूण कोणीही छापतो.

भोवरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहिते आहे, कारण आधी काम करायचं होतं.

शेंदराचं सांगितल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि शेंदराची पुडी बांधून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी चाकणकरांनी दिलेली मापं मी कागदावर लिहून दिली, तर त्यांनी सागाच्या ठोकळ्यात ते नळकांडं कोरून काढलं, तिरक्या तळासकट. त्यांचा जुना व्हर्नियर कितीतरी वर्षांनी पेटीतून बाहेर आला. ३१.७ म्हणजे ३१.७ च, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे त्यांना चालला नाही.

घरात असलेला सगळा माल आम्ही त्यातून काढला. बदकाची चाकं मावली, आणि ओढल्यावर एक निघूनही आलं. आता चाकं मोठी करून आसावर कायमची बसवणार. खुळखुळ्यात ते छोटे खडे घालायचे, आणि जोड डिंकाचाच होता. आता अख्ख्या लाकडात सुट्या कड्या कोरायच्या असं ठरलंय, म्हणजे आत काही भरायलाच नको. कड्या ३१.७ पेक्षा बऱ्याच मोठ्या. बदकाची दोरी ७० सेंटिमीटर होती, तीही कापली. अस्वलांचे सगळे मणी मी उसवून काढले.

विकलेल्या मालासाठी वही काढली. साठपैकी बेचाळीस जणांचे नंबर मिळाले आणि सगळ्यांना फोन केले. मणी, शेंदूर, खुळखुळा, जे असेल ते परत द्या, पैसे घ्या किंवा नवं करून देते, असं सांगितलं. काही जणांनी विचारलं, अहो आमचं बाळ मजेत खेळतंय, कशाला? तरी मी आणायला गेले. एका घरात घोड्याच्या मानेवरचा रंग चाटून गेला होता. त्यांना डॉक्टरांकडे जाऊन शिशासाठी रक्ततपासणी विचारा असं सांगितलं, आणि तपासणीचा खर्च आम्ही देणार आहोत.

कार्ड हातात येईपर्यंत विक्री बंद ठेवली आहे. दुकानदारांनाही तसं कळवलं. सोमवारी बाबा आणि मी बीआयएसच्या कार्यालयात जातोय, पिशवीत दोन बदकं, एक हत्ती आणि ते नळकांडं.

एक विनंती. गेल्या दिवाळीत धायरी फाट्याजवळच्या प्रदर्शनातून कोणी लाल घोडा किंवा काळ्या मण्यांच्या डोळ्यांचं अस्वल घेतलं असेल, तर मला व्यक्तिगत निरोप करा. अठरा नग अजून सापडलेले नाहीत.