मदत हवी आहे: टॉवेल कारखान्यात रात्री कामगार झोपतात आणि मागचं दार कुलूपबंद

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. खाली रॅपियर माग, बाजूला सुताचं गोडाऊन आणि गोडाऊनवरच्या पोटमाळ्यावर पाच-सहा कामगार झोपतात. सगळे बाहेरच्या राज्यांतले. खोलीचं भाडं परवडत नाही, म्हणून मालकांनी ही सोय करून दिलीय. रात्रपाळी नसली की पुढचं शटर खाली आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप. चावी वॉचमनकडे, आणि वॉचमन कुठे असेल ते देव जाणे. शेजारच्या युनिटमधून सूत चोरीला गेल्यापासून मालक कुलपाच्या बाबतीत कुणाचंच ऐकत नाहीत. खिडक्यांना ग्रिल आहेच.

मे २०२५ मध्ये इथल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत पहाटे टॉवेल कारखाना पेटला, आठ जण गेले. मालक आणि त्यांच्या घरची माणसंही त्यात होती, ती तिथेच राहायची. त्याआधी ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात आत झोपलेले सहा कामगार गेले. हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, "आपलं वायरिंग नवीन आहे रे."

वायरिंग नवीन आहे, खोटं कशाला बोलू. पण टेरी टॉवेलची रुई किती उडते ते या धंद्यातल्यांना माहीत आहे. मोटरच्या जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. जॉबर (मागांची देखभाल करणारा) मशीन चालू असतानाच कॉम्प्रेसरची हवा मारतो, मग तीच रुई विजेच्या पॅनलमध्ये, ट्यूबच्या पट्टीवर आणि पत्र्याखालच्या कैच्यांवर (छताच्या लोखंडी सांगाड्यावर) जाऊन बसते.

चोरीची भीती न वाढवता दाराचं काय करता येईल? आणि आमच्याकडे आग विझवायचे सगळे सिलिंडर एबीसी पावडरचे आहेत, ते सुताला पुरतील का? फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी-जुलैला वेळेवर जातो. एजन्सीवाला येतो, स्टिकर लावतो, चहा पितो, जातो. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

दादा, आत माणूस असताना बाहेर पडायचं दार आतून चावीशिवाय चटकन उघडलंच पाहिजे. कारखाना कायद्यातली ही जुनी गोष्ट आहे, त्यात मालकांच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. पॅनिक बार बसवा. दाराच्या आतल्या बाजूला आडवी दांडी असते, अंगाने ढकललं तरी दार बाहेर उघडतं. बाहेरून ना कडी ना हँडल, त्यामुळे चोराला धरायला काही नाही. सोबत मॅग्नेटिक सेन्सर आणि हूटर लावा. आतल्याच कुणी रात्री सूत बाहेर काढायचं म्हटलं तर गल्ली जागी होईल. मालकांना हे आधी सांगा, आगीचं नंतर. लवकर पटतं!

प्रतिसाद २

सिलिंडरबद्दल. पावडरने ज्वाळा बसते, पण सुताच्या ढिगात आतला निखारा धुमसत राहतो आणि थोड्या वेळाने परत पेट घेतो. तिथे पाणीच लागतं. गोडाऊनला पाण्याचे ९ लिटरचे सिलिंडर आणि होज रील घ्या. रीलच्या पंपाची लाईन मेन स्विचच्या आधीच वेगळी काढा, नाहीतर आग लागल्यावर मेन पाडला की पाणीही बंद. पॅनलजवळ सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सिलिंडर ठेवा, मात्र तो मोकळ्या रुईवर मारू नका, झोताने जळती रुई उडून भलतीकडे पडते. सीओटूला पावडरसारखा प्रेशरचा काटा नसतो, गॅस कमी झालाय का ते वजन केल्यावरच कळतं. तुमचा एजन्सीवाला वजनकाटा आणतो का ते बघा म्हणजे स्टिकरची किंमत कळेल.

रुई मशीन बंद करून काढा, जमलं तर व्हॅक्यूमने. मागाच्या शेडमध्ये स्मोक डिटेक्टर रुईने सारखा बोंबलेल, आणि मग कुणीतरी त्याची वायरच काढेल. तिथे हीट डिटेक्टर लावा, स्मोक डिटेक्टर पोटमाळ्यावर.

प्रतिसाद १

एक राहिलं. पोटमाळ्याचा जिना कुठे उतरतो? गोडाऊनमध्येच उतरत असेल तर मागचं दार उघडं असून उपयोग नाही. धूर आधी वर चढतो, माणसं दारापर्यंत पोचणारच नाहीत.

धागाकर्ता

गोडाऊनमध्येच उतरतो. खरं तर तिथे कुणी झोपूच नये हे मलाही कळतं, पण तसं बोललो तर मालक उद्याच सगळ्यांना बाहेर काढतील आणि पोरं जातील कुठे? मालकांनी त्यांना खोली घेऊन द्यावी म्हणून बोलणं चालू केलंय. तोवर पोटमाळ्याच्या खिडकीचं ग्रिल कापून तिथे आतून उघडणारं दार आणि बाहेरून लोखंडी जिना, असं फॅब्रिकेटरला विचारतो. जॉबरला मशीन चालू असताना हवा मारायची नाही असं आजच सांगितलं, तोंड वाकडं केलं त्याने, पण ऐकलं.

पॅनिक बार सोलापुरात कोण बसवून देतं, माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधीच्या कामाचे फोटो असतील तर बरं, मालकांना दाखवता येतील.