ऑकलंडचा ५३९ मिलीमीटर पाऊस ‘विक्रमी’ कसा? न्यूझीलंडच्या जानेवारी २०२३च्या नोंदींविषयी

वैशाखपालवी (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. माझी भाची ऑकलंडला राहत असल्यामुळे न्यूझीलंडच्या ‘निवा’ या जल व वातावरण संशोधन संस्थेचे मासिक हवामान गोषवारे मी अधूनमधून वाचत असते. जानेवारी २०२३च्या नोंदी वाचताना मनात आलेले प्रश्न येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

त्या महिन्यात ऑकलंडच्या अल्बर्ट पार्क येथे ५३९ मिलीमीटर पाऊस झाला आणि १८५३पासूनच्या नोंदींतील तो शहराचा सर्वाधिक पावसाचा महिना ठरला. त्यातील सुमारे २८० मिलीमीटर पाऊस २७ जानेवारीच्या एकाच दिवशी चोवीस तासांच्या आत कोसळला. त्या पुरात चौघांचा जीव गेला, विमानतळाच्या इमारतीत पाणी शिरले आणि रात्री आणीबाणी जाहीर करावी लागली. मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे आषाढ-श्रावणात एवढा पाऊस पंधरवड्यात होऊन जातो आणि व्यवहार चालू राहतात. मग हाच आकडा तिथे एवढा अनर्थ का घडवतो?

दुसरा प्रश्न असा की, उत्तर बेटावर हा प्रलय चालू असताना दक्षिण बेटाच्या पश्चिम आणि दक्षिण भागांत कित्येक ठिकाणी सरासरीच्या निम्माही पाऊस झाला नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षाही लहान असलेल्या देशात एकाच महिन्यात असे कसे घडते?

मेघवेध:

आपला पहिला प्रश्न अनेकांना पडतो आणि तो रास्तच आहे. मिलीमीटर सगळीकडे सारखाच असला, तरी पावसाची नोंद वाचताना ती त्याच ठिकाणच्या आणि त्याच महिन्याच्या सरासरीशी ताडून पाहावी लागते. जानेवारी हा न्यूझीलंडमधील उन्हाळ्याचा महिना. ऑकलंडला वर्षाकाठी साधारण अकराशे ते बाराशे मिलीमीटर पाऊस होतो, पण तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो आणि जानेवारीच्या वाट्याला त्यातले जेमतेम साठ-सत्तर मिलीमीटर येतात. म्हणजे त्या एका महिन्यात नेहमीच्या आठपटींहून अधिक पाऊस झाला. मुंबईची जुलैची सरासरी आठशे मिलीमीटरहून अधिक आहे. तिला आठाने गुणले, तर महाबळेश्वरच्या वर्षभराच्या पावसालाही मागे टाकणारा आकडा येतो आणि तो एका जुलैत मुंबईवर कोसळला तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकतो. ऑकलंडचा यापूर्वीचा मासिक उच्चांक फेब्रुवारी १८६९चा, ४२० मिलीमीटरचा होता. दीडशे वर्षे टिकलेला उच्चांक मोडताना तो पाच-दहा मिलीमीटरने मोडत नाही, एकदम शंभराहून अधिकने मोडतो, ही गोष्ट मला त्या एकूण आकड्यापेक्षाही गंभीर वाटते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पावसाच्या तीव्रतेचा. मासिक बेरीज ही फार झाकणारी गोष्ट आहे. अल्बर्ट पार्कच्या २८० मिलीमीटरपैकी सुमारे २११ मिलीमीटर पाऊस सहा तासांहूनही कमी वेळात पडला. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत २०४.५ मिलीमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस ही सर्वांत वरची पायरी आहे. ऑकलंडने ती एका संध्याकाळीच ओलांडली. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटरची नोंद झाली, तेव्हा त्याच शहरातील कुलाब्याला शंभर मिलीमीटरही पाऊस झाला नव्हता. त्या महिन्याच्या एकूण बेरजेवरून त्या दिवसाची भीषणता कोणाच्याही लक्षात आली नसती. म्हणून गोषवारा वाचताना महिन्याची बेरीज, एका दिवसाचा उच्चांक आणि सरासरीशी टक्केवारी हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

टक्केवारीविषयी एक सावधगिरीची सूचना. ‘निवा’च्या वर्गवारीत ८० ते ११९ टक्के पाऊस ‘सरासरीच्या जवळपास’ धरला जातो, पन्नास टक्क्यांखाली गेला की ‘सरासरीपेक्षा खूप कमी’ आणि दीडपट किंवा त्याहून जास्त झाला की ‘खूप जास्त’. आपल्याकडे मात्र साठ टक्के तूट किंवा साठ टक्के आधिक्य असल्याखेरीज शेवटचा गट लागू होत नाही. त्यामुळे दोन्ही देशांचे रंगीत नकाशे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये.

आता दुसरा प्रश्न. याचे उत्तर वाऱ्यांच्या दिशेत आणि डोंगरांत आहे. न्यूझीलंडवर एरवी पश्चिमेकडून वारे येतात. दक्षिण बेटाच्या कण्यासारखी पसरलेली सदर्न आल्प्स ही पर्वतरांग त्यांना अडवते आणि पश्चिम उतारावर अफाट पाऊस पडतो. मिलफर्ड साउंड येथे वर्षाला सहा हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस होतो, तर रांगेपलीकडे, दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या अलेक्झांड्राला साडेतीनशे मिलीमीटरच्या आसपास. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यातील फरक पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. २०२२-२३च्या त्या उन्हाळ्यात ला निना, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याची स्थिती, सलग तिसऱ्या वर्षी टिकून होती. अशा वर्षी देशाच्या पूर्वेला आणि आग्नेयेला जास्त दाबाची क्षेत्रे ठाण मांडून बसण्याचे प्रमाण वाढते आणि पश्चिमेऐवजी ईशान्येकडून, म्हणजे उष्ण समुद्रावरून, वारे येऊ लागतात. ते उत्तर बेटाच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यांवर बाष्प रिते करतात आणि एरवी चिंब असणारा पश्चिम किनारा पर्जन्यछायेत जातो. थोडक्यात, ऑकलंडचा पूर आणि दक्षिणेतील कोरड ही एकाच वाऱ्याची दोन फळे होती.

पोहुतुकावा:

मी ऑकलंडच्या उत्तर भागात राहतो, म्हणून जमिनीबद्दल थोडी भर घालतो. इथली माती बहुतांशी चिकण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि एकदा भिजली की पाणी मुरायला फार वेळ लागतो. शहराच्या मध्यभागी जुन्या ज्वालामुखींचा बसाल्ट आहे तिथे पाणी खडकाच्या फटींत जिरते, पण बाकीच्या भागात ते उताराने वाहतच जाते. शहर वाढताना पुष्कळ ओढे नळांत घालून बुजवले गेले आणि त्यांवर वस्त्या झाल्या. त्या रात्री पाणी आपल्या जुन्याच वाटांनी गेले. शिवाय २७ तारखेपूर्वीच, १० जानेवारीच्या सुमारास, हेल चक्रीवादळाच्या अवशेषांनी कोरोमंडल आणि गिझबोर्न भागांत जोरदार पाऊस पाडला होता, तेव्हा तिथले डोंगरउतार महिनाअखेरच्या पावसापूर्वीच ओथंबले होते. कोरोमंडलमधला महामार्ग क्रमांक २५-ए तर जानेवारीअखेर एके ठिकाणी उतारासकट खचला आणि तिथे नवा पूल बांधून डिसेंबरमध्ये तो सुरू करावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून महापालिकेचे निरीक्षक घरोघर फिरून दारांवर लाल किंवा पिवळी पत्रके लावत होते. लाल म्हणजे आत पाऊल टाकायचे नाही, पिवळे म्हणजे ठरावीक भागापुरता वा ठरावीक कामापुरता प्रवेश. इथली घरे लाकडी असतात आणि पुष्कळदा जोत्याऐवजी खांबांवर उभी असतात. पाणी ओसरल्यावरही घराच्या तळाखालच्या पोकळीत ओल राहते. जिप्समच्या भिंती खालून कमरेपर्यंत कापून काढाव्या लागतात, कारण त्यांच्या आत थंडीसाठी भरलेले अस्तर स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या घरात पाणी शिरले तर ते झाडून काढून भिंती वाळू देता येतात, इथे ती सोय नाही. पुढे धोक्याच्या जागेवरील शेकडो घरे महापालिकेने आणि सरकारने मिळून विकत घेतली. भाचीचे घर भाड्याचे असो वा स्वतःचे, महापालिकेचे पाणवाटांचे नकाशे सर्वांसाठी खुले आहेत. ते तिने अवश्य पाहावेत.

काटकोन:

१८५३पासूनच्या नोंदी म्हटल्यावर एक शंका येते. एवढ्या काळात पर्जन्यमापक आणि तापमापक एकाच जागी राहणे अशक्य आहे. मग ‘आजवरचा उच्चांक’ या विधानावर कितपत विसंबावे?

मेघवेध:

शंका योग्य आहे आणि तापमानाच्या बाबतीत तर ती अधिकच महत्त्वाची. न्यूझीलंडचे सरासरी तापमान ऑकलंड, मास्टरटन, वेलिंग्टन, नेल्सन, होकिटिका, लिंकन आणि डनेडिन या सात ठिकाणांच्या १९०९पासूनच्या मालिकेवरून काढतात. यांपैकी वेलिंग्टनचे केंद्र आधी समुद्रसपाटीलगत थॉर्नडन येथे होते आणि १९२८च्या सुमारास ते केलबर्नच्या टेकडीवर, शंभर मीटरहून अधिक उंचीवर गेले. उंचीमुळे तिथे हवा मुळातच थंड. दोन्ही आकडे तसेच जोडले असते, तर शहर एका वर्षात अचानक गारठल्याचे दिसले असते. म्हणून जुन्या आकड्यांत उंचीच्या फरकाइतकी दुरुस्ती केली जाते. त्या दुरुस्तीवरून तिथे न्यायालयात दावाही झाला आणि न्यायालयाने तो फेटाळला. पावसाच्या बाबतीत अल्बर्ट पार्कचा आकडा जुन्या उच्चांकापेक्षा इतका पुढे गेला आहे की मापकाच्या जागेतील बदलाने तो पुसला जाण्याची शक्यता मला दिसत नाही. फरक दोन-चार मिलीमीटरचा असता, तर मीही हात आखडता घेतला असता.

वैशाखपालवी:

आपणा सर्वांचे आभार. एकच विचारते. याला हवामानबदल कारणीभूत म्हणावे, की ला निनाचाच खेळ?

मेघवेध:

या दोन गोष्टी एकमेकींना वगळत नाहीत. ला निनाने वारा फिरवला. त्या वाऱ्याने किती बाष्प वाहून आणले, हे ठरवले त्याच्या वाटेवरील हवेच्या आणि समुद्राच्या तापमानाने. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. २०२२ हे न्यूझीलंडचे त्या वेळेपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष होते, सात केंद्रांची सरासरी १३.७६ अंश, आणि किनाऱ्यालगतचा समुद्र त्या उन्हाळ्यात सरासरीपेक्षा स्पष्टपणे उष्ण होता. बेटांच्या देशाला चोहोबाजूंनी समुद्र असल्यामुळे हा उबारा कुठल्याही दिशेच्या वाऱ्यातून आत येतो. मात्र २८० मिलीमीटरपैकी नेमके किती तापमानवाढीमुळे पडले, हे मासिक गोषवाऱ्यातून काढता येत नाही. त्यासाठी हवामानाची संगणकीय प्रारूपे चालवून वेगळा अभ्यास करावा लागतो.

आपण जानेवारीचा गोषवारा वाचला आहे, तर फेब्रुवारीचाही लगेच वाचावा, असे सुचवतो. १२ ते १४ फेब्रुवारीला गॅब्रिएल चक्रीवादळ आले तेव्हा उत्तर बेटाच्या मोठ्या भागातील जमीन आधीच तुडुंब भिजलेली होती. हॉक्स बे भागातील एस्क खोऱ्यात घरे छपरापर्यंत गाळात गेली, देशात अकरा जणांचा मृत्यू झाला आणि इतिहासात तिसऱ्यांदा राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. केवळ फेब्रुवारीचे आकडे पाहिले, तर उतार एवढे का घसरले, याचा पुरता उलगडा होत नाही.