ट्रॅक्टर पेटता पेटता वाचला? अनुभव लिहा

बांधावरचा: मंडळी, सोयाबीनची मळणी सुरू झालीय म्हणून धागा काढतोय. परवा मशीन सकाळपासून चालू, मी पोती शिवत होतो आणि चुलतभाऊ ओरडला धूर धूर! बघतो तर सायलेन्सरच्या बुडाशी मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग) भुसकट साचलेलं, जाळ नाही, नुसतं विडीसारखं धुमसतंय. पीटीओ (ट्रॅक्टरवरून मळणी मशीन फिरवणारा दांडा) सोडवला आणि आधी ट्रॅक्टर गंजीपासून लांब नेला. आता दीड-दोन तासांनी मशीन थांबवून ब्रशने झाडतो, पाणी मारत नाही, तापलेलं बीड तडकतं. वारं फिरलं की मशीनही फिरवतो, भुसकट अंगावर यायला नको. तुमचेही किस्से टाका.

गोदाकाठ: आमचा उंदरांनी पेटवला! पावसाळाभर शेडात उभा, सेल्फची (स्टार्टरची) जाड वायर कुरतडलेली, ती बॉडीला टेकली. आमच्याकडे त्या वायरला फ्यूजच नाही हे तेव्हा कळलं, पान्हा सापडेपर्यंत अर्धं वायरिंग गेलं. आता बॅटरीला कटऑफ स्विच बसवलाय. टर्मिनल सोडवताना आधी निगेटिव्ह सोडवा, पॉझिटिव्हला लावलेला पान्हा बॉडीला लागला की तिथंच ठिणगी.

तात्या७७: टेपची वायर डायरेक्ट बॅटरीवरून, फ्यूज नाही, आमच्या गावात निम्मे असेच. मी पण होतो.

ऊसवाला: माझं डिझेलचं. नोझलवरच्या ओव्हरफ्लो पाईपला बारीक चीर, थेंब थेंब गळतंय, मी रोज फडक्याने पुसायचो आणि तेच फडकं बॉनेटखाली खोचायचो, डिझेल काय पेट्रोलसारखं भडकतंय का म्हणून! खेपेला चढावर इंजिन तापलं, फडकं घसरून मॅनिफोल्डवर. मिशा गेल्या, ट्रॅक्टर वाचला. शेजारच्याने घमेल्याने माती टाकली म्हणून, मी तर पाण्याची घागर घेऊन निघालो होतो. पाण्याने पेटतं डिझेल आणखी पसरतं.

काळी माती: आग विझवायचा 2 किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर घ्याच. हादऱ्याने पावडर तळाला घट्ट बसते, महिन्याला उलटा करून हलवा, काटा हिरव्यात आहे का बघा. आणि धूर दिसला की बॉनेट एकदम सताड उघडू नका, हवा लागून भडकतं, फटीतून मारा.

बांधावरचा: सिलिंडर टूलबॉक्समध्ये ठेवला तर चालेल का?

काळी माती: तुमचा टूलबॉक्स इंजिनाशेजारीच ना? मग पेटल्यावर तिथं हात कोण घालणार! मडगार्डला पट्टीने बांधा.

बांधावरचा: बांधला. पोरं आत्तापासून पिन ओढायला टपलीत.