मदत हवी आहे: टेक्सासमध्ये चौघांनी मिळून रानडुकरांच्या शिकारीला जायचंय, व्हिसावाल्यांना लायसन्स लागतं का?

नमस्कार मंडळी, मी सॅन अँटोनिओला राहतो. जरा मोठं लिहितोय पण नीट वाचा प्लीज, दोन मित्रांच्या व्हिसाचा प्रश्न आहे.

इथून दक्षिणेला तासाभरावर पिअरसॉलच्या बाजूला एका शेतकरी आजोबांची जमीन आहे, त्यांचा नातू आणि माझा मुलगा एकाच सॉकर टीममध्ये, तशी ओळख झाली. त्यांचा भुईमूग आहे आणि रानडुकरं एका रात्रीत ओळीच्या ओळी उकरून टाकतात. परवा ते शेत बघितलं आणि पोटात कालवलं, कारण आमच्याकडे चंदगडला बाबांनी भुईमूग लावायचं याच्यापायीच सोडलं, माळ्यावर बसून डबे वाजवत माणूस किती वर्षं जागणार. आजोबा म्हणाले सप्टेंबरमध्ये चौघं या, मिळतील तेवढी मारा.

आता मेन प्रश्न. आजोबा म्हणतात लायसन्स लागत नाही, आणि ते मी तपासलं, १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर फेरल हॉगसाठी (म्हणजे याच रानडुकरांसाठी) हंटिंग लायसन्स नको, सीझन नाही, लिमिट नाही, रात्रीही चालतं. पण आमच्यात मी ग्रीन कार्डवर, दोघं नोकरीच्या एच१बी व्हिसावर आणि चौथा माझा मेहुणा, तो बी२ म्हणजे टुरिस्ट व्हिसावर महिनाभर आलाय. ऑफिसात एकजण म्हणाला व्हिसावाल्याने बंदुकीला हातच लावायचा नाही. खरं काय?

दुसरं, आमच्यातल्या एकाला गावच्यासारखा हाका करायचाय, दोघांनी मेस्किटच्या झाडीतून डुकरं उठवायची आणि दोघांनी वाटेवर बसायचं. मला हे अजिबात पटत नाहीये. माझ्या स्वतःच्या आजोबांच्या काळात ठासणीच्या बंदुका घेऊन आमच्याकडे गावी असंच जायचे आणि हाक्यातच एका काकांच्या मांडीत छर्रे गेले, ते शेवटपर्यंत लंगडत चालायचे, मी लहानपणी बघितलंय. आमच्यात तिघं तर फक्त रेंजवर नेम धरलेले.

आणि मटण खावं का? टाकून द्यायला जीव होत नाही.

प्रतिसाद १
दादा, ते शेतकरी आजोबा बरोबर आहेत आणि ऑफिसातला माणूसही जवळपास बरोबर आहे, घोळ इथेच होतो. लायसन्स नको हा टेक्सासचा नियम. पण फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट (एच१बी, बी२ सारख्या तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्याला बंदूकच काय काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही, त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे डुकरासाठी नको असलं तरी एच१बी वाल्या दोघांनी ते काढायचंच, आणि "चालू" म्हणजे चालू, टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही सप्टेंबरमध्ये जाताय तर नवीन वर्षाचं घ्या आणि खिशात ठेवा. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनही लागतं, १७ च्या वरच्यांना ऑनलाइन करता येतं. मेहुण्यालाही हाच नियम, त्यात त्याला बाहेरच्यांचं महाग लायसन्स पडणार. एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या, व्हिसाशी खेळ नको.

प्रतिसाद २
हाका नको म्हणजे नको!! मी इथं बारा वर्षं जातोय. कळप उठला की दहा दिशांना फुटतो आणि नवीन माणूस पळत्या डुकरामागे नळी फिरवत फिरवत मित्रापर्यंत आणतो. एका मचाणावर दोन माणसं, बंदूक एक, दुसऱ्याने फक्त दुर्बिणीतून बघायचं. दोन मचाणं असतील तर कोण कुठल्या बाजूला मारणार ते उजेडातच जागेवर उभं राहून ठरवा, आणि फोनवर बोलल्याशिवाय अंधारात कुणी खाली उतरायचं नाही.

अजून एक, त्या भागात जॅव्हलिना नावाचा जंगली प्राणी असतो, लांबून डुकरासारखाच दिसतो पण तो गेम अ‍ॅनिमल आहे, म्हणजे त्याच्या शिकारीवर नियम आहेत, त्याला लायसन्सही लागतं आणि लिमिटही आहे. मानेभोवती फिकट पट्टा, शेपूट जवळजवळ दिसतच नाही. खात्री नसेल तर बार काढू नका.

मटण खा की, पण साफ करताना रबरी ग्लोव्हज घालाच, रक्तातून ब्रुसेलोसिस नावाचा रोग होतो माणसाला. शिजवताना आतपर्यंत ७१ सेल्सिअस गेलं पाहिजे. सप्टेंबरात तिकडे भयंकर गरम असतं, आधीच भरपूर बर्फ नेऊन ठेवा. मोठा नर उग्र वास मारतो, लहान मादी चांगली लागते.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. एच१बी वाल्या दोघांना आत्ताच फोन केला, उद्यापासून कोर्सला बसतायत. मेहुणा बंदुकीला हात लावणार नाही, माझ्या मचाणावर दुर्बीण घेऊन बसेल. हाक्याचं त्या मित्राला हा धागाच वाचायला पाठवलाय. आजोबांकडे मचाणं किती आहेत ते विचारतो, एकच असेल तर दोन गट करून वेगवेगळ्या रात्री जाऊ.